मग आई का रडतेय?

आमच्या नातीचा पहिला सिनेमा ठरला तो 2024च्या नाताळच्या सुटीत. वय वर्षं चार. तोवर तिनं सिनेमे पाहिलेच नव्हते अशातला भाग नाही. फोनवर, टीव्हीवर, जेवताना आणि न जेवताना तिनं पुष्कळ काही पाहिलं होतं. पण थिएटरात, अंधारात, अनोळखी माणसांच्या मध्ये बसून पाहायचा हा पहिलाच. सिनेमा होता ‘मुफासा’, सिंहाच्या छाव्याचा, हिंदीतला. एवढ्याशा पोरीचं पूर्ण तिकीट पडलं म्हणून मी थोडी कुरकुर केली. ती माझी जुनी खोड आहे, आणि पुढे जे सांगायचंय त्याच्याशी तिचा संबंध आहे, म्हणून आत्ताच कबूल करून टाकतो.

जेलरोडवरून गाडी निघाली. ही घरीच थांबली, गुडघ्यांचं कारण सांगून. मागच्या सीटवर नात आणि सून, पुढे मी आणि मुलगा. बिटको चौकात सिग्नल लागला तेव्हा स्टेअरिंगवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता मुलगा म्हणाला, “बाबा, एक आधीच सांगून ठेवतो. तिला भीती वाटली, नको म्हणाली, तर मी तिला लगेच बाहेर आणणार. तुम्ही थांबा आत, पूर्ण बघा. पण तिला ‘थोडा वेळ बस’ म्हणू नका. आणि ‘खोटं आहे’ असंही म्हणू नका.”

मी चमकलो. एवढ्या साध्या गोष्टीला एवढी प्रस्तावना कशाला? तसं विचारलंही. त्यावर तो जे बोलला ते बिटकोपासून उपनगरपर्यंतच्या रस्त्यात बोलून झालं. ते ऐकायला मला बत्तीस वर्षं लागली होती.

पण ते सांगण्याआधी माझ्या स्वतःच्या पहिल्या सिनेमाबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या चुकीचं मूळ तिथं आहे असं मला हल्ली वाटतं.

आमच्या लहानपणी मुलाला सिनेमाला ‘नेणं’ असा प्रकारच नव्हता. सिनेमाच आमच्याकडे यायचा. गणपतीत रस्त्यावर दोन बांबू रोवून मध्ये पांढरं कापड ताणायचे आणि टेबलावर सोळा मिलिमीटरचं यंत्र घरघरायला लागायचं. पुढच्या जागा मोठ्या पोरांनी दुपारीच पोती टाकून धरलेल्या असायच्या. आम्ही उशिरा पोचणारे, म्हणून पडद्याच्या मागे. कापड पातळ असल्यानं चित्र मागूनही दिसे, फक्त डावं-उजवं उलटं. प्रभातचा ‘संत तुकाराम’ मी चार-पाच वर्षांचा असताना असा मागून पाहिला. 1936 सालचा तो सिनेमा, विष्णुपंत पागनिसांचा. पुढे मोठेपणी तो सरळ बाजूनं पाहिला तेव्हा तुकोबांनी चिपळ्या भलत्याच हातात धरल्यात असं मला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

त्या रस्त्यावरच्या सिनेमात एक सोय होती. झोप आली, कंटाळा आला, भीती वाटली की उठायचं आणि घरी जायचं. घर शंभर पावलांवर. मान वळवली की वाण्याच्या दुकानातला दिवा दिसायचा, ओट्यावर बसलेली आजी दिसायची. दारच नव्हतं, तर ते बंद कसलं होणार? थिएटरला दार असतं आणि ते लावतात, याचा लहान मुलाच्या दृष्टीनं काय अर्थ होतो, हे मला स्वतः बाप झाल्यावरसुद्धा सुचलं नव्हतं.

आता 1992.

‘माहेरची साडी’ 1991 साली आला. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. विजय कोंडक्यांचा सिनेमा, अलका कुबल नायिका, वडील विक्रम गोखले, सासू उषा नाडकर्णी. महाराष्ट्रभर बायका टेम्पो करून, ट्रॅक्टर करून तो बघायला जात होत्या. आमच्या नाशिक रोडला शिंदे-पळशाकडून, चेहेडीकडून बाया भाकरी बांधून आलेल्या मी पाहिल्या आहेत. प्रेसच्या क्वार्टर्समधल्या शेजारणी दोन-दोनदा बघून आल्या होत्या आणि किती रुमाल न्यावेत याचा सल्ला देत होत्या. आमच्या हिला तो बघायचाच होता. थिएटरचं नाव सांगत नाही. त्याचा काही दोष नव्हता. दोष सगळा माझा.

मुलाला ठेवायला घरी कुणी नव्हतं. तोही तेव्हा चार वर्षांचाच. मांडीवर बसेल, तिकीट लागणार नाही, असा माझा हिशेब. मी नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला, दिवसभर नोटांच्या राशीत वावरायचो, पण खिशातल्या नोटा मोजून खर्च करायचो. ही बायकांच्या रांगेत दीड तास उभी राहिली आणि खिडकीपाशी पोचता पोचता ‘हाउसफुल्ल’ची पाटी लागली. मग मी नाइलाजानं ब्लॅकवाल्याकडून बाल्कनीची दोन तिकिटं दुप्पट पैसे देऊन घेतली. ते दुप्पट पैसे पुढचे तीन तास माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

दिवे गेले तेव्हा पोरगं खुशीत होतं. त्याला पडद्यात रस नव्हताच. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. भिंतीतल्या चौकोनी भोकातून उजेडाचा झोत येत होता, त्यात धूळ नाचत होती, कुणाच्या तरी विडीचा धूर वळसे घेत वर चढत होता. “बाबा, तिथं कोण आहे?” त्यानं विचारलं. “पुढे बघ,” मी म्हणालो. पैसे पुढे बघायचे दिले होते.

मध्यंतरापर्यंत गोल्डस्पॉटच्या एका बाटलीवर निभावलं. नंतर बायका रडायला लागल्या. सिनेमात रडणं मला काही नवं नव्हतं, पण हे निराळं होतं. एक हुंदका खालून आला, एक शेजारून, आणि बघता बघता सगळं थिएटरच. एखाद्या घरी कुणी गेल्यावर लांबून जसा आवाज येतो, तसा आवाज. मुलगा आता पडदाही बघत नव्हता आणि झोतही बघत नव्हता. तो आईकडे बघत होता. पडद्याच्या उजेडात तिचे ओले गाल चमकत होते.

“बाबा, आईला काय झालं?”

“काही नाही. खोटं असतं ते सगळं.”

“मग आई का रडतेय?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की बाप जे करतो ते मी केलं. “खोटं आहे रे, गप बस,” म्हणालो. तो म्हणाला, घरी जाऊ. मी म्हणालो, थोडंच राहिलंय. त्यानं भोकाड पसरलं. मागून कुणीतरी म्हणालं, “ओ भाऊ, पोराला बाहेर न्या की!” मी नेलं नाही. ब्लॅकचे पैसे होते, आणि आता लपवण्यात अर्थ नाही, मलाही शेवट बघायचा होता. मी त्याचं तोंड छातीशी दाबून धरलं. दाबून म्हणजे दाबूनच. काही वेळानं तो शांत झाला. मला वाटलं, झोपला. दिवे लागले तेव्हा त्याची चड्डी आणि माझी पँट ओली झालेली होती, आणि तो टक्क जागा होता.

त्याच पावसाळ्यात माझ्या सासूबाई गेल्या. निरोप आला तेव्हा ही स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडत होती. शेजारच्या दोघी-तिघी धावत आल्या होत्या. मुलगा दारात उभा. एकीनं त्याला पोटाशी घ्यायला हात पुढे केला, तर तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “खोटं रडतेय ती.”

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याच्यावर हात उगारल्याची दुसरी आठवण मला नाही. ती एकच, पण जोरात होती. हिनं रडणं थांबवून त्याला जवळ ओढलं. पोरगं उद्धट होत चाललंय, असं आम्ही दोघांनी रात्री ठरवून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं सासुरवाडीला गेलो.

पुढे आम्ही सिनेमाला निघालो की त्याचं पोट दुखू लागे. ‘याला बाई सिनेमाची आवडच नाही,’ असं ही नातेवाइकांत कौतुकानं सांगे. दहावीनंतर मित्रांबरोबर जाऊ लागला. पण कायम कडेची खुर्ची धरून, दाराच्या बाजूची. हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. सुनेच्या लग्नानंतर महिन्याभरात आलं.

तर बिटको ते उपनगर. गाडी चालवत मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही ‘खोटं आहे’ म्हणालात तेव्हा मी पडद्याकडे बघतच नव्हतो. मी आईकडे बघत होतो. मला वाटलं, तुम्ही आईबद्दल सांगताय. मोठी माणसं अंधारात बसून खोटं खोटं रडतात, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.”

मागून नात विचारत होती, सिंह आपल्याशी बोलेल का. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ती थोबाडीत कशाची होती हे मला नेहरूनगरच्या अलीकडे कळलं.

नाशिककरानं सिनेमावर लिहावं आणि त्यात दादासाहेब फाळके येऊ नयेत, हे काही जमायचं नाही. आमचे ते घरचेच. 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले, 1944 साली नाशकात गेलेले. शिवाय सिनेमात पडण्याआधी ब्लॉक करणारे, छपाईचा कारखाना चालवणारे, म्हणजे आमच्याच शाईतले. पण मला त्यांची आठवण आली ती वेगळ्या कारणानं. हिंदी सिनेमाचा हा सगळा पसारा सुरू झाला तो एका बापानं पोराला पहिल्यांदा सिनेमाला नेलं म्हणून.

गोष्ट 1911च्या एप्रिलातली, ईस्टरच्या दिवसांतली. फाळके थोरल्या मुलाला, भालचंद्राला घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर जनावरं पळताना दिसली. पोरानं घरी येऊन आईला सांगितलं आणि घरात कुणाचाच विश्वास बसेना. भिंतीवर कुठे जनावरं धावतात? तर दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्या घरालाच घेऊन गेले. ईस्टर म्हणून त्या दिवशी ख्रिस्ताच्या चरित्राचा खेळ होता. ख्रिस्त डोळ्यांपुढून जात असताना आपल्याला मनात राम-कृष्ण दिसत होते, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ झाला, 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, आणि भालचंद्र त्यात रोहिताश्व झाला. चित्रपटाच्या इतिहासात त्या ख्रिस्ताला मोठा मान आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो आदला दिवस आणि पोराच्या बोलण्यावर न बसलेला विश्वास. पोराला खोटं पाडायचं नाही म्हणून बापानं सगळ्यांची तिकिटं काढली, असं मला आपलं वाटतं. इतिहासकारांना मान्य होईलच असं नाही.

अर्थात फाळक्यांना आदर्श बाप ठरवायचा माझा विचार नाही. ‘हरिश्चंद्रा’च्या वेळी भालचंद्राला खेळताना डोक्याला लागलं, तो शुद्धीवर येईना, आणि पुढचं दृश्य नेमकं मेलेल्या रोहिताश्वाचं होतं, ते तशाच मुलावर उरकून घेतलं, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. तो वाचताना मला ओली पँट आठवते. काम हाती असलं की बापाला पोराचं ऐकू येत नाही, हे 1912 सालीही खरं होतं.

मात्र खऱ्या-खोट्याचा घोळ या माणसानं इथं नाशकातच सोडवून ठेवला होता, आणि तो मी म्हातारपणी पाहिला. 1919 सालचा ‘कालिया मर्दन’. यात बाळकृष्णाचं काम त्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं केलंय. तेव्हा ती सात वर्षांच्या आसपासची. त्या मूकपटाची फीत सुदैवानं बरीचशी टिकली आहे, फोनवरसुद्धा बघता येते. सिनेमा सुरू होतो तो गोकुळात नाही. आधी पडद्यावर येतो नुसता त्या मुलीचा चेहरा. ती हसते, रुसते, घाबरते, रागावते, एकामागून एक. बघा, ही आमची पोर आहे आणि ती आता कृष्णाचं सोंग घेणार आहे, असं फाळके प्रेक्षकांना सरळ सांगून टाकतात. मग तिच्या चेहऱ्याचा कृष्ण होतो आणि खेळ चालू.

आता कुणी म्हणेल, एवढं सांगितल्यावर भक्तिभाव कसा यायचा? पण त्याच काळातली गोष्ट आहे, ‘लंकादहना’त राम दिसला की लोक पायातल्या वहाणा काढत. राम झालेले अण्णा साळुंके त्याच सिनेमात सीताही झालेत, आणि तरीही काढत. लोकांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून ते रडत होते आणि हात जोडत होते. माझ्या बायकोलाही सासू खोटी आहे हे ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांतलं पाणी मात्र खरं होतं. एवढंच मला त्या चार वर्षांच्या पोराला सांगायचं होतं, की आईला त्या बाईचं वाईट वाटतंय. पाच शब्द. मी ‘खोटं आहे’ हे दोन शब्द वापरले, कारण ते लवकर बोलून होतात.

हल्ली सिनेमाच्या प्रमाणपत्रावर वय लिहितात. 2023च्या कायद्यानं ‘यूए’चे तीन भाग झाले, सातच्या वर, तेराच्या वर, सोळाच्या वर. चांगलंच झालं. पूर्वी नुसतं ‘बारा वर्षांखालच्यांनी पालकांसोबत’ एवढंच होतं, आणि पालक म्हणजे माझ्यासारखे. पण प्रमाणपत्र पडद्याचं असतं. शेजारच्या खुर्चीवर काय चाललंय त्याचं नसतं.

असो. आम्ही पोचलो. नातीला दोन्ही पाय दुमडून बसवलं, नाहीतर ती हलकी असल्यानं खुर्ची मिटायची. कडेला मुलगा, मग ती, मग सून, मग मी. आवाज माझ्याच छातीत धडधडत होता, तिचं काय होत असेल! मुलानं तिच्या कानांवर तळवे धरले आणि मग हळूहळू सैल केले.

सिनेमात सुरुवातीलाच पूर येतो. छावा पाण्याच्या लोंढ्यात आई-बापापासून तुटतो आणि वाहत जातो. गोदाकाठच्या मुलांना पूर समजावून सांगावा लागत नाही. नातीनं बापाच्या दंडाला धरलं.

“त्याची आई कुठंय?”

“मागे राहिली. पूर आलाय ना.”

मी श्वास रोखून बसलो. ‘खोटं आहे गं’ माझ्या ओठांवर आलं होतं, इतकी सवय असते. मुलानं विचारलं, “बघायचं, की बाहेर जायचं?” “बाहेर,” ती म्हणाली. तो उठला, तिला कडेवर घेतलं आणि गेला. बस. ना हाक ना बोंब. मागच्या रांगेतल्या कुणालाही काही बोलावं लागलं नाही.

मला आत थांबायची परवानगी होती. दोन मिनिटं थांबलो. मग सुनेला खूण करून मीही उठलो.

बाहेर लख्ख उजेडात नात पॉपकॉर्नच्या काउंटरला नाक लावून उभी होती. पॉपकॉर्नची किंमत सांगत नाही, पण त्या दिवशी मी कुरकुर न करता दिली. दारावर तिकीट तपासणारा पोरगा होता, विशी-बाविशीचा. दोन-चार दाणे खाऊन ती त्याच्याकडे गेली आणि विचारलं, “पूर गेला का?” त्यानं दार थोडं लोटलं, आत डोकावून नीट बघितलं आणि सांगितलं, “गेला. आता ऊन पडलंय.” तिनं फटीतून स्वतः बघून घेतलं. तीनदा बघितलं. मग म्हणाली, “चला.”

पुढचा सिनेमा तिनं पाहिला, मात्र सलग नाही. मधेच खुर्चीवर उभी राहिली, मधेच आईच्या मांडीवर गेली, एकदा सगळ्या थिएटरात ऐकू जाईल असं म्हणाली की तिला शू लागली आहे. मग माझ्याकडे आली, आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून मागे बघायला लागली.

“आबा, तिथं कोण आहे?”

मी मागे वळलो. थिएटरात बसून त्या झोताकडे मी इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. आता त्यात विडीचा धूर नसतो. यंत्रही बहुतेक आपलं आपण चालतं. मी तिच्या कानात सांगितलं, की आता तिथं कोणी नसतं, पण पूर्वी एक काका असायचे. ते कार्बनच्या कांड्या पेटवून उजेड करायचे, मोठाल्या चाकांवर फीत गुंडाळलेली असायची, एक चाक संपलं की दुसरं यंत्र सुरू करायचं, सेकंदाला चोवीस चित्रं सरकायची, आणि काकांना झोप लागली तर सगळे लोक शिट्ट्या मारायचे. “मग काका उठायचे?” “उठायचे.” हे सगळं बोलेपर्यंत पडद्यावर काय झालं ते मला माहीत नाही. पलीकडून मुलगा आमच्याकडे बघत होता.

रात्री जेवताना नातीनं आजीला सगळी गोष्ट सांगितली. पूर आला, आई मागे राहिली, मी बाहेर गेले, दादानं सांगितलं ऊन पडलं, मी परत गेले, काका झोपले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. हिनं वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. काकांचा भाग सिनेमात नसावा अशी तिला शंका आली. पण “असं?” एवढंच म्हणाली. मग म्हणाली, “मलाही बघायचाय. मला नेशील?”

नातीनं विचार केला. “नेईन,” ती म्हणाली, “पण तुला रडू आलं ना आजी, तर मला सांग. मग आपण बाहेर जाऊ.”

मुलाचा घास हातातच राहिला होता. ही त्याच्याकडे बघत होती. गाडीतलं बोलणं मी तिला अजून सांगितलं नव्हतं.

मंगळवारची तिकिटं काढली. पाच, पाचही पूर्ण. कडेची खुर्ची आजीला.